'पडेल', 'पडणार' आणि इंग्रजीतला पाऊस

काळे ढग दाटून आले असतील तर 'इट इज गोइंग टु रेन' म्हणावं, 'इट विल रेन' नको, असं पुस्तकात वाचलं. दोन्ही भविष्यकाळच ना? मग विलने काय बिघडतं? आणि फोरकास्ट व प्रेडिक्शन यांत काय फरक? मी दोन्हींना अंदाजच म्हणत आलोय.

—

हा फरक तुम्ही रोज करता, फक्त मराठीत. ढग बघून तोंडातून 'पाऊस पडणार!' असंच निघतं. परवाचं कुणी विचारलं तर मात्र 'पडेल बहुतेक'. 'पडणार'च्या मागे डोळ्यांना दिसलेली खूण असते, 'पडेल'च्या मागे मनातला अदमास. गोइंग टु आणि विल साधारण याच रेषेवर बसतात. विलच्या आसपास आय थिंक, प्रॉबब्ली घुटमळतात ते त्यामुळेच.

गोची आहे ती नकारात. 'पडेल नाही' असं आपण म्हणत नाही. पडेल आणि पडणार, दोन्हींचा नकार 'पडणार नाही'. म्हणजे वोंट की इजंट गोइंग टु, हे सांगायला मराठी कान तिथे उपयोगाचा नाही. आधी होकारार्थी वाक्य मनात म्हणून बघायचं आणि मग ठरवायचं. किंवा सरळ 'आय डोंट थिंक इट विल रेन'. आपणही 'पडेल असं वाटत नाही' म्हणतोच की, नकार वाटण्यालाच लावून.

—

पटलं, पण अर्धंच. हवामानाच्या बातम्यांत तर सर्रास विल असतं. त्यांच्याकडे उपग्रहाची चित्रं असतात, म्हणजे खूण आहेच. मग?

—

रास्त शंका. ती खूण ऐकणाऱ्यासमोर नसते. निवेदक निष्कर्ष तेवढा सांगतो. शिवाय बातमीच्या औपचारिक भाषेला विल शोभतं. गोइंग टु बोलण्यातलं, खिडकीतून बाहेर बघतानाचं. बोलताना चुकून विल आलं म्हणून कुणी अडणार नाही. परीक्षेत मात्र गुण जातील.

—

फोरकास्टबद्दल. रॉबर्ट फिट्झरॉय यांनी १८६१ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये हवेचे अंदाज द्यायला सुरुवात केली, तेव्हा भविष्यवाणीची छटा असलेले शब्द त्यांना नको होते. गणित आणि निरीक्षणं यांवरून काढलेलं मत, म्हणून त्यांनी फोरकास्ट पत्करला. प्रेडिक्शन म्हणजे शब्दशः 'आधी सांगणं', मग ते निवडणुकीचं असो की सामन्याचं. हवेसाठी रोजच्या इंग्रजीत फोरकास्टच.

गंमत अशी की यातल्या कास्टचा मूळ अर्थ फेकणं. आणि आपला अंदाज फारसीतल्या ज्या धातूवरून आला त्याचाही अर्थ फेकणंच; तिरंदाज, गोलंदाज आठवा. तेव्हा तुम्ही अंदाज म्हणत होतात ते फोरकास्टच्या बरंच जवळचं होतं!

—

माझी एक जुनी अडचण. 'इट इज रेनिंग'मधला हा इट कोण?

—

कुणीच नाही. 'उजाडलं', 'सांजावलं', 'उकडतंय' यांत तरी कर्ता कुठाय? आपलं व्याकरण अशा क्रियापदांना भावकर्तृक म्हणतं. इंग्रजीला कर्त्याची खुर्ची रिकामी चालत नाही, म्हणून तिथे इट बसवलेला. त्यामुळे 'पाऊस आला'चं 'रेन केम' करू नका. 'इट स्टार्टेड रेनिंग'. आणि 'मला थंडी वाजतेय' म्हणजे 'आय ॲम कोल्ड'. 'आय हॅव अ कोल्ड' म्हटलंत तर समोरचा रुमाल पुढे करेल, कारण ती सर्दी. 'उकडतंय'ला मगी हा शब्द जवळचा. पण त्यात दमटपणाच जास्त, आपली तगमग नाही.

—

आणि 'फॉर्टी पर्सेंट चान्स ऑफ रेन'? मी समजायचो, ४० टक्के भागात पडेल.

—

बरेच जण तसंच समजतात, किंवा दिवसाचा ४० टक्के वेळ पडेल असं. खरा अर्थ: दिलेल्या मुदतीत तुम्ही उभे आहात त्या जागी पाऊस होण्याची शक्यता ४० टक्के. किती पडेल, किती वेळ पडेल, याबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही. मराठीत 'पडला तर पडेल' म्हणतो ना, ते थोडंफार हेच.