काकांचा यशिका दुरुस्त करू की कॅनोनेट घेऊ?

नमस्कार मंडळी,

माळा आवरताना काकांचा यशिका इलेक्ट्रो 35 हा जुना फिल्म कॅमेरा सापडला. काका जहाजावर होते, तेव्हाचा. चामड्याच्या केसला अजून डांबरगोळ्यांचा वास येतो. तेव्हापासून रेंजफाइंडरचं, म्हणजे दोन प्रतिमा एकावर एक आणून फोकस करायच्या कॅमेऱ्याचं, खूळ डोक्यात शिरलंय.

आजवर फिल्म वापरली ती एसएलआरवर, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर. त्याचा आरसा असा फटाककन उडतो की पहिल्या फोटोनंतर समोरचा माणूस सावरूनच बसतो. मला काढायचेत घरातल्या माणसांचे फोटो, तेही त्यांनी पोझ न देता. परवा आई खिडकीशी लसूण सोलत होती. यशिकाला डोळा लावला तर मधल्या पिवळसर ठिपक्यात तिच्या चष्म्याच्या दोन-दोन काड्या. रिंग फिरवली तशा सरकत सरकत एकावर एक बसल्या. तिला पत्ताही नाही! मी तिथेच खलास.

पण मूळचा 5.6 व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही. या कॅमेऱ्यात अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) आपण लावायचं, शटरचा वेग तो ठरवणार. सेल नसला तर फक्त 1/500 सेकंद, हाताने वेग बदलायची सोयच नाही. एका दुरुस्तीवाल्याने आठवडाभर ठेवून घेतला, "याचं काही होत नाही" म्हणून परत दिला, वर तळाचा एक स्क्रू गायब.

म्हणून कॅनोनेट क्यूएल17 जी-थ्री हा दुसरा रेंजफाइंडर बघतोय. ऑटोवरून काढला की सेलशिवायही 1/4 ते 1/500 सगळे वेग मिळतात. झॉर्की-4 हा सोव्हिएत रेंजफाइंडर सुद्धा खुणावतोय, कारण त्याच्या लेन्स बदलता येतात. पण फिल्म पुढे ओढल्याशिवाय त्याचा वेग बदलायचा नसतो म्हणे, आणि मी गॅस बंद केला का हे तीनदा बघणारा माणूस. महागडा लायका सुचवू नका, घराचे हप्ते चालू आहेत.

मला जाड चष्मा आहे. काय करू?

प्रतिसाद:
झॉर्की नको. चष्म्याचा नंबर जुळवायची सोय आहे त्यात, पण चष्मा न काढता बघाल तर डोळ्याजवळच्या धातूच्या कडेने काचेवर ओरखडे पडतील.

कॅनोनेट घेताना मागचं दार उघडून बघा. कडेचा फोम काळा चिकट झालेला असणारच, तो स्वस्तात बदलता येतो. शटर 1/4 वर अडकत असेल तर मात्र परत ठेवा. प्रकाश मोजणाऱ्या मीटरसाठी कानाच्या मशीनचा 675 नंबरचा सेल चालतो, आकाराने लहान म्हणून भोवती रिंग घालायची. मी आजोबांचे पळवतो.

पण आधी यशिकाचा निकाल लावा. लिव्हर ओढताना आतून 'खट्' असा आवाज येतो का? येत नसेल तर आतलं छोटं रबर विरघळलंय, त्याने शटरच्या वेळा चुकतात. ते बदलणारा कारागीर हवा. आवाज येत असेल तर अ‍ॅडॉप्टर घालून 6 व्होल्टचा सेल लावा आणि एक रोल काढून बघा.

धागाकर्ता:
आत्ताच स्वयंपाकघरात पंखा बंद करून चारदा ओढला. तीनदा काही नाही, चौथ्यांदा खट्. आता याचा काय अर्थ लावू?