मदत हवी आहे: फ्लँडर्सचा तक्ता एक सांगतो, माझी वही दुसरंच

नमस्कार मंडळी. नाशिकरोडला असते, एम.एड.चा लघुप्रबंध चालू आहे. पाचवीचं गणित, परिणामकारक अध्यापन. सिन्नर तालुक्यातल्या सहा शाळांत एकेक वर्ग पाहिला. दर तासाची वीस मिनिटं फ्लँडर्सच्या पद्धतीने (वर्गात कोण बोलतंय, काय चाललंय ते दहा श्रेणींत मांडायचं) नोंदवली. दर तीन सेकंदांनी एक खूण, म्हणजे तासाला ४०० खुणा (मनगट कामातून गेलं). उरलेला वेळ मागच्या बाकावर बसून दिसेल ते वहीत लिहिलं. शिक्षकांच्या मुलाखतीही झाल्यात.

घोळ असा. एका वर्गात बाईंनी दोन सारखे खडू घेतले, एकाचे दोन तुकडे केले, दुसऱ्याचे तीन. "अर्धा मोठा की एक तृतीयांश?" एवढं विचारून गप्प. पहिल्या बाकावरचा हात वर होता, तरी थांबल्या. शेवटी मागची एक मुलगी म्हणाली, "बाई, वाटेकरी वाढले की वाटा घटतो." बाईंची ती सगळी शांतता माझ्या तक्त्यात दहाव्या श्रेणीत गेली: 'शांतता किंवा गोंधळ'. दुसऱ्या शाळेत गुरुजी फोन घ्यायला बाहेर गेले, पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. तेही दहाच!

मार्गदर्शक म्हणतात, वही परिशिष्टात टाका आणि टी-परीक्षिका (दोन सरासरींतला फरक तपासणारी संख्याशास्त्रीय चाचणी) लावा. सहा वर्गांवर? आणि आकड्यांचं एक प्रकरण, मुलाखतींचं दुसरं, असं नुसतं शेजारी ठेवलं तर त्याला संमिश्र पद्धती कशी म्हणायची? प्रत्यक्ष सांधा कुठे घालतात?

प्रतिसाद १
ताई, सांधा तुम्हाला सापडलाय, तो दहाच आहे. त्याचे दोन भाग करा: १०-अ विचारासाठी थांबणं, १०-ब गोंधळ. मग एकच तक्ता: ओळीला एक वर्ग, डावीकडे खुणा, उजवीकडे वहीतला प्रसंग आणि मुलाखतीतलं वाक्य. जुळत नाही ती ओळ झाकू नका, चर्चा तिथेच करा. अमेरिकन शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांचं प्रश्नानंतर थांबण्याच्या वेळेवरचं काम वाचा. शिक्षक साधारण सेकंदभरच थांबतात, तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबतात, असं त्यांना दिसलं होतं. खुणा मात्र दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या आणि कोहेनचा कप्पा (दोघांच्या खुणा किती जुळतात ते सांगणारा आकडा) काढा. रेकॉर्डिंग आहे ना?

धागाकर्ती
चारच वर्गांचं. दोन ठिकाणी परवानगी मिळाली नाही. तिथले दहा तसेच ठेवू?

प्रतिसाद १
ठेवा, पण वेगळ्या रकान्यात. आठवणीवरून अ-ब करू नका.