क्यूआर कोड आहे, पण स्कॅन कोण करणार?

शाळेत टॅब आले की पोरं पुस्तक विसरतात असं काहीजण म्हणतात, मला नाही पटत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकालाच क्यूआर कोड जोडले, फोनने स्कॅन केला की धड्याचा ऑडिओ-व्हिडिओ उघडतो, म्हणजे पुस्तक हातातच राहिलं आणि वर कविता ऐकायलाही मिळाली. नंतर बालभारतीच्या पुस्तकांतही कोड आले, २०२० ला गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं ते सगळ्यांना माहितीये.

अडचण आहे ती फोनची. घरात एकच स्मार्टफोन, तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर, मग कोड स्कॅन करणार कोण? म्हणून हे वर्गातच व्हायला हवं, आणि त्यासाठी बाईंनी स्वतःचा डेटा का जाळायचा, शाळेला नेट द्या ना! तोवर सरकारच्या दीक्षा या शिक्षणाच्या ॲपवर धडा आधीच डाउनलोड करून ठेवा, नेट नसलं तरी चालतो.

आणि प्लीज, व्हिडिओ लावून वह्या तपासत बसू नका. मधेच थांबवा, आता पुढे काय होईल विचारा, गप्प बसणारी पोरंसुद्धा बोलायला लागतात. पहिली-दुसरीला मात्र अक्षरं पाटीवरच गिरवू देत, बोटांना वळण लागायला पेन्सिलच लागते, तिथे मी अजिबात तडजोड करणार नाही.