नागद्वारच्या वाटेला कोणती बॅटरी न्यावी? आपापले अनुभव सांगा

परतवाडा (धागा काढणारा):
राजेहो, नागपंचमीच्या आधी पचमढीला नागद्वारची यात्रा भरते, तेव्हा आमच्या गावातून दरवर्षी जथा निघतो. मागच्या खेपेला मी खोक्यावर लुमेनचा (म्हणजे उजेडाच्या मापाचा) भलामोठा आकडा छापलेली टॉर्च घेतली. पाऊण तासात तिचा काजवा झाला. पुढच्या काकांच्या चपलेकडे पाहत पाहत उतरलो. यंदा सगळं सामान पाठीवरच राहणार, त्यामुळे वजन नको, पण भरवसा हवा. कोण काय वापरतं? (आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि आत घालायच्या बॅटरीला सेल. नवीन मंडळींनी गोंधळू नये.)

वरूड:
माह्या बापाजवळ तीन मोठ्या सेलची लांब बॅटरी होती. सेलासकट पाव किलोच्या वर वजन, पण कुत्रं अंगावर आलं तर काठीचंही काम करायची. वावरात रातची लाईन असली का संत्र्याच्या बगीच्यात पाणी पाहायला जावंच लागते. मी पांढऱ्याफेक उजेडाची नवी आणली अन् पस्तावलो. वाळल्या पानात घोणस पडलेली असते तर त्या उजेडात सगळं एकसारखं राखाडी दिसते. आता पिवळसर उजेडाची एका सेलवाली आहे. उजेड कमी, पण पान पान वेगळं दिसते. यात्रेत रातचं चालणार असान तर भाऊ, रंग पहिले पाहा.

अकोला:
मी सह्याद्रीत पाठपिशवी घेऊन फिरतो, आणि किचन स्केलवर सगळं मोजायची वाईट खोड आहे. अल्कलाइन पेन्सिल सेल (घड्याळात घालतात तो) साधारण २३ ग्रॅमचा, रिमोटमधला बारीक सेल त्याच्या निम्मा. १८६५० हा लिथियम सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. त्याचं नाव म्हणजेच माप आहे: १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब, शेवटचं शून्य गोल आकाराचं. पहिल्या दोघांवर चालणारी छोटी बॅटरी खिशात आहे हे विसरायला होतं. तिसऱ्याची जरा जाणवते, पण रात्रभर पुरते.

माझी चूक सांगतो. १४५०० नावाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलएवढाच, पण ३.७ व्होल्टचा. मी तो १.५ व्होल्टच्या बॅटरीत घातला. अशी झगमगली की बायको बाहेर आली पाहायला, आणि तेवढ्यातच गेली. आत काय चालतं हे खोक्यावर वाचल्याशिवाय घालू नका.

दुसरं, सगळ्यात मोठ्या उजेडाकडे पाहूच नका. सगळ्यात लहान किती मंद होते ते विचारा. तंबूत चष्मा शोधायला दोन-चार लुमेन पुष्कळ झाले, पायवाटेला पन्नास-साठ. मोठा उजेड लहान बॅटरीत काही मिनिटंच टिकतो, मग तापून आपोआप खाली येतो.

गोंदिया:
डोक्याला बांधायची घ्या. रात्री बाहेर जावं लागलं तर एका हातात बॅटरी, दुसऱ्यात पाण्याची बाटली, मग कपडे सावरायचे कशाने? बायकांना विचारून पाहा कधी. पण पावसाळ्यात दोन त्रास आहेत. किडे थेट तोंडावर येतात. आणि धुक्यात कपाळावरचा उजेड परत डोळ्यातच येतो, समोर पांढरी भिंत. तेव्हा ती काढून कमरेजवळ धरायची, लगेच वाट दिसते. नागद्वारला धुकं असतंच.

चिखलदरा:
बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसलो होतो, पाणवठ्यावरची जनावरं मोजायला. तिथे बॅटरी लावायची नसतेच. डबा उघडताना लाल उजेड चालला, तोही मुठीत धरून. लाल उजेडावर किडेही कमी येतात ताई, तुमच्या कामाचं आहे. बाकी मेळघाटात रात्री पायी फिरायचं नाही, कोणतीही बॅटरी असो.

चंद्रपूर:
मोबाईल आहे ना बाप्पा, वेगळी कशाला?

अकोला:
मोबाईल पावसात काढणार, चार्जिंग संपवणार, आणि हातातून दरीत पडला तर घरी फोन कशावरून करणार?

परतवाडा (धागा काढणारा):
सगळ्यांचं वाचलं. गावातल्या किराणा दुकानात जाऊन आलो. तिथे दोनच सेल मिळतात, घड्याळाचा आणि रिमोटचा. म्हणून पेन्सिल सेलवर चालणारी, डोक्यालाही बांधता येईल आणि हातातही धरता येईल अशी ठरवली आहे. अंगावर आयपीएक्स४ लिहिलंय, म्हणजे शिंतोडे चालतील, बुडवायची नाही.

एक राहिलं: पिशवीत दाबली जाऊन ती आपोआप पेटते, त्यावर काय उपाय?

वरूड:
मागचं टोपण अर्धा आटा ढिलं कर. आन् घरी आल्यावर सेल काढून ठेव, नाही तर माह्यासारखं होते. बापाची ती लांब बॅटरी आत पाझरून पार हिरवी पडली. टोपण अजून निघत नाही.