मदत हवी आहे : ट्रकचालकाचा ताण मोजायचाय, घामाचा सेन्सर लावू कुठे?

नमस्कार मंडळी,

इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. चालकावरचा ताण वेळीच ओळखून त्याला सावध करणारं यंत्र हा माझा प्रकल्प. काका पुणे-मुंबई मालवाहतूक करतात, त्यांच्याच ट्रकमध्ये चाचण्या चालू आहेत. ईएसपी३२ या छोट्या नियंत्रक बोर्डला त्वचेची विद्युतवाहकता मोजणारा (म्हणजे घामाचा) सेन्सर, नाडीसाठी मॅक्स३०१०२ आणि हादऱ्यांसाठी एमपीयू६०५० जोडलंय. काका चालवत असताना त्यांना काही विचारत नाही. क्लीनरच्या सीटवर बसून कोणी आडवं आलं, कचकन ब्रेक लागला, की वेळ टिपून ठेवते.

आधार घेतलाय तो जेनिफर हीली आणि रोझलिंड पिकार्ड यांच्या २००५ मधल्या शोधनिबंधाचा. बॉस्टन परिसरात चालकांना आधी शांत बसवून, मग शहरातून आणि महामार्गावरून गाडी चालवायला लावून त्यांनी हृदयाचा आलेख, श्वास, खांद्याचा स्नायू आणि त्वचेची वाहकता नोंदवली. नोंदींच्या ५ मिनिटांच्या तुकड्यांवरून ताण कमी, मध्यम की जास्त हे ९७ टक्क्यांहून अधिक अचूक ओळखता आलं. बहुतेक चालकांमध्ये ताणाशी सगळ्यात जवळचं नातं निघालं ते त्वचेची वाहकता आणि हृदयगती यांचं. म्हणूनच घामाचा सेन्सर मला सोडायचा नाहीये.

पण त्यांनी तो लावला डाव्या हाताच्या बोटांवर आणि डाव्या तळपायावर. आपल्या ट्रकमध्ये डावा हात गिअरवर, डावा पाय क्लचवर! भरलेली गाडी बोरघाट चढताना गिअर सारखा बदलावा लागतो आणि दर वेळी सेन्सरची पट्टी दाबली गेली की आलेखात खिळ्यासारखं टोक उभं राहतं. खरा दचका कुठला आणि गिअर कुठला, कळत नाही. उजवा हात स्टिअरिंगवर, उजवा पाय ब्रेकवर, म्हणजे तिथेही तेच. मनगटावर लावून पाहिला, तर दुपारी इंजिनाच्या धगीनेच वाहकता चढत जाते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, पण काकांची गाडी त्याआधीची, आणि रस्त्यावर अजून अशाच गाड्या जास्त दिसतात. त्यांच्यासाठी हे चाललं नाही तर करून उपयोग काय?

सध्या केबिनचं तापमान वेगळं नोंदवून, हळूहळू चढणारी पातळी वजा करून फक्त झटपट येणारी टोकं धरायचा विचार आहे. एमपीयू६०५० चा दुसरा नग मनगटावर बांधला तर गिअरची टोकं गाळता येतील का? खांदा किंवा कपाळावर वाहकता मोजायचा कोणाला अनुभव आहे का? आणि घाटातलं अवघड वळण काही सेकंदांत संपतं, तिथे ५ मिनिटांचा तुकडा फार मोठा वाटतो. तो किती लहान केलेला चालेल?

आणखी एक. काकांच्या सोबतच्या चालकांनी पहिल्यांदा हेच विचारलं, "हे मालकाला दिसणार का?" त्यांची भीती रास्त आहे, ताण दिसला म्हणून कोणाची फेरी जायला नको. त्यामुळे माहिती गाडीतल्या कार्डावरच राहते, इंटरनेटवर पाठवायचे उपाय कृपया सुचवू नका. कच्च्या नोंदी हव्या असतील तर काकांना विचारून इथे टाकते.