सिफू (कुंग-फूचा व्हिडिओ गेम): फजारच्या कोयत्याला पॅरी, म्हणजे वार परतवणं, लागतच नाही

प्रश्न: तिसरा आठवडा, तोच पहिला बॉस फजार. पहिला टप्पा निघतो, पण बांबूच्या वनात त्याने कोयता काढला की माझी वाट लागते. एल-१ बटण वेळेवर दाबतो, तरी स्ट्रक्चरची, म्हणजे तोलाची, पट्टी भरून तोल जातो. या गेममध्ये मरून उठलं की वय वाढतं: विसाव्या वर्षी आत शिरतो, साठी ओलांडून मरतो. बायको हाक मारते, "आजोबा, जेवायला या!"

उत्तर: तू बटण धरून ठेवतोयस, पैज लाव. धरलं की नुसता ब्लॉक, पट्टी भरतच जाते. पॅरीला टिचकी हवी, वार अंगाला लागता लागता. आणि टीव्हीचा गेम मोड चालू आहे ना? नाहीतर चित्र उशिरा दिसतं.

उत्तर: पॅरीचा नाद सोड रे. एल-१ धरून कंट्रोलरची डावी स्टिक खाली: वरचे वार डोक्यावरून जातात. पायाशी झाडू फिरवल्यासारखा वार आला तर स्टिक वर. वार चुकवला की पट्टीही उतरते. मी कोयत्याकडे बघतच नाही, त्याच्या खांद्याकडे बघतो. खांदा आधी हलतो.

प्रश्नकर्ता: गेम मोड बंद होता! तीन आठवडे!! काल ४१व्या वर्षी पाडला. आता पुढच्या लेव्हलला, क्लबात, दुसरा बॉस शॉन काठी घेऊन उभाय.