प्रतिसाद: अ‍ॅप आणि पुराची भीती

पुरानंतर मुलांच्या मनात बसलेली भीती फोनवरच्या उपचाराने घालवावी का, यावर एकाने लिहिलंय: ‘भीती घालवायला अ‍ॅप? मुलं आधीच फोनमध्ये बुडालेली असतात’ हा मुद्दा अर्धाच पटला. २०११ साली ऑस्ट्रेलियात १२ ते १८ वयाच्या चिंताग्रस्त मुलांवर झालेल्या अभ्यासात ऑनलाइन सीबीटी (विचार आणि वागणं बदलून चिंता कमी करणारी मानसोपचार पद्धत) आणि समोरासमोरची सीबीटी यांचा फायदा जवळपास सारखाच दिसला. पण त्या ऑनलाइन उपचारामागे थेरपिस्ट होता, हे कुणी सांगत नाही! नुसतं अ‍ॅप हातात दिलं की बहुतेक मुलं दोन-तीन भागांनंतर सोडून देतात.

पूर अनुभवलेल्या एखाद्या मुलीचं बघा. पाऊस पत्र्यावर वाजायला लागला की ती दप्तर भरून उशाशी ठेवते, दर दहा मिनिटांनी पाण्याची पातळी बघते. इथे उपचार पायऱ्यापायऱ्यांनी होतो: आधी पावसाचा रेकॉर्ड केलेला आवाज हळू लावायचा, मग मोठ्याने, मग खिडकी उघडी ठेवून खरा पाऊस. प्रत्येक वेळी भीतीला दहापैकी किती गुण, ते लिहायचं. हे फोनवर छान जमतं. मात्र पुढचा पूर खरंच येऊ शकतो, त्यामुळे इशारा आला की निघायचं हे शहाणपणच. चाळीसदा पातळी बघणं ही चिंता. हा फरक ओळखायला माणूस लागतो.

आणि घाई नको. पुरानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बरीच मुलं शाळा, मित्र, नेहमीची झोप परत मिळाली की आपोआप सावरतात. महिना उलटूनही झोप उडालेलीच असेल तर उपचाराचं बघा. घरात एकच फोन असेल तर मुलीने लिहिलेलं कोण वाचणार, हेही आधी ठरवा.